चार्टवरून आठ-पंधरा दिवसांचा अंदाज: नोकरी-धंदा सांभाळून वापरता येणारी पद्धत

एखादा शेअर उद्या वाढेल की पडेल, या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक विश्लेषणाकडे (भावांच्या चार्टच्या अभ्यासाकडे) नाही. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते: भाव अमुक पातळीच्या वर टिकला, तर पुढच्या काही सत्रांत त्याला कुठपर्यंत जायला मोकळी जागा आहे, आणि कोणता भाव आला की आपला अंदाज चुकला असे मानायचे. पहिल्या प्रश्नाच्या मागे लागणारा माणूस इंडिकेटर (भावांवरून सूत्राने काढलेले संकेतक) बदलत राहतो, तर दुसऱ्या प्रश्नाला धरून चालणाऱ्याला काही महिन्यांत निदान एवढे तरी कळते की आपल्याला हे जमते आहे की नाही. या लेखातील सगळी पद्धत दुसऱ्या प्रश्नाभोवती बांधलेली आहे.

सुरुवातीलाच दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकण्याचे) व्यवहार करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ जण तोट्यात होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या दुसऱ्या पाहणीत फ्युचर्स-ऑप्शन्समधील (वायदे सौद्यांतील) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत मिळून तोटा झाल्याचे दिसले. म्हणून येथे इंट्राडेही नाही आणि ऑप्शन्सही नाहीत. डिलिव्हरीने घेतलेला (आपल्या खात्यात जमा होणारा) शेअर, रोजच्या कॅन्डलचा (दिवसाचे उघडते, वरचे, खालचे आणि बंद भाव दाखवणाऱ्या खुणांचा) चार्ट आणि एक ते तीन आठवड्यांची मुदत, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे. याला व्यावहारिक कारणही आहे. बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधील कारखान्यात पहिल्या पाळीला असलेला माणूस मशीनवर असतो, दुकानदार शटर उघडत असतो आणि कॉलेज रोडवरचा डॉक्टर पेशंट तपासत असतो. पाच मिनिटांच्या कॅन्डलवर लक्ष ठेवणे यांपैकी कोणालाही शक्य नाही. अर्धवट लक्ष ठेवण्यापेक्षा बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी निवांत बसून निर्णय घेणे केव्हाही बरे.

आधी अंदाजाचा साचा ठरवा

चार्ट उघडण्यापूर्वी एक वही घ्या किंवा एक्सेलची शीट तयार करा आणि अंदाज कोणत्या शब्दांत लिहायचा ते ठरवून टाका. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणत्या अटीवर खरेदी, कोणत्या भावाला अंदाज चुकला, कोणत्या भावाला पुरा झाला, किती सत्रांत, आणि तो पुरा होण्याची शक्यता आपल्या मते किती टक्के. यातले एकही घर रिकामे राहिले तर तो अंदाज नव्हे. ‘चार्ट मजबूत दिसतो, वर जायला हवा’ असे लिहिणाऱ्याला नंतर कधीच चूक सापडत नाही, कारण शेअर पडला तरी ‘थोडा वेळ लागेल’ म्हणायला त्याला मोकळीक असते.

शक्यतेची टक्केवारी लिहिताना सुरुवातीला बहुतेकांना अवघडल्यासारखे होते आणि मग ते सगळीकडे ८० टक्के लिहितात. अल्पमुदतीच्या भावाबाबत ८० टक्के खात्री बाळगण्याजोगी परिस्थिती क्वचितच येते. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपासचे आकडे वास्तवाला जवळचे असतात, आणि त्यावरही पैसे कसे राहू शकतात ते पुढे उदाहरणात येईल.

शेअरची यादी लहान ठेवा

बाजारात नोंदलेल्या हजारो कंपन्यांमधून रोज नवा शेअर शोधत बसण्याऐवजी वीस-पंचवीस शेअरची कायमची यादी करावी. शेअर निफ्टी २०० या मोठ्या २०० कंपन्यांच्या निर्देशांकातला असावा, म्हणजे रोजची उलाढाल पुरेशी असते आणि विकायच्या वेळी घेणारा मिळतो. ज्या शेअरला ५ टक्क्यांचे सर्किट आहे, म्हणजे एका दिवसात भाव त्याहून जास्त वर-खाली जाऊ शकत नाही, तो खालच्या सर्किटला अडकला की स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला विकण्याची ऑर्डर) लावलेला असूनही काही उपयोग नसतो. घेणाराच नसल्यामुळे ऑर्डर नुसती पडून राहते, आणि दुसऱ्या दिवशी भाव आणखी ५ टक्के खाली उघडतो.

शेअरला पुरेसा इतिहासही हवा. सुला विनयार्ड्सचेच पाहा. गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या प्रत्येक नाशिककराला ही कंपनी आपली वाटते. तिचा शेअर २२ डिसेंबर २०२२ रोजी बाजारात नोंदला गेला. वर्षात साधारण अडीचशे सत्रे होतात हे धरले, तर त्या शेअरच्या २०० दिवसांच्या सरासरीला पुढचे जवळपास दहा महिने अस्तित्वच नव्हते. अशा काळात चार्टवर रेघा ओढता येतात, पण त्यांना टेकू देणारे जुने भाव नसतात.

नाशिकमध्ये आणखी एक मोह असतो. महिंद्र आणि बॉश या दोन्ही कंपन्यांचे कारखाने सातपूरला आहेत, दोन्ही शेअर निफ्टी ऑटो निर्देशांकात आहेत, आणि कोणाचा ना कोणाचा मेहुणा तिथे कामाला असतो. तिसरी पाळी सुरू झाली, ओव्हरटाइम वाढला, अशा बातम्यांवरून पंधरा दिवसांचा भाव ठरत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने अनेक ठिकाणी असतात आणि त्यातले बरेचसे बाजाराला आधीच ठाऊक असते. जो स्वतः शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या लेखा किंवा वित्त विभागात आहे, त्याने तर स्वतःच्या कंपनीचा शेअर या यादीत घेऊच नये. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांपर्यंत अशा कर्मचाऱ्यांसाठी व्यवहाराची खिडकी बंद असते, म्हणजे त्यांना त्या शेअरची खरेदी-विक्री करता येत नाही.

चार्ट नीट करून घ्या

हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही. बोनस किंवा शेअर-विभाजनानंतर भाव एका दिवसात निम्मा झालेला दिसतो. चार्ट त्यासाठी समायोजित नसेल तर तिथे नसलेली मंदी दिसते आणि सगळ्या सरासऱ्या बिघडतात. संकेतस्थळावर किंवा अॅपमध्ये समायोजित भावांचा पर्याय चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. अक्षाचे प्रमाण लॉगरिदमिक ठेवावे, म्हणजे १०० वरून ११० आणि ५०० वरून ५५० या दोन्ही चाली सारख्याच उंचीच्या दिसतात. चार्टवर व्हॉल्यूम (त्या दिवशी हात बदललेल्या शेअरची संख्या), ५० आणि २०० दिवसांची सरासरी, एवढेच ठेवावे. बाकीचे मागाहून.

वरून खाली या: बाजार, क्षेत्र, शेअर

पहिली नजर निफ्टीच्या साप्ताहिक चार्टवर टाकावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स डाऊ यांनी मांडलेली भावाच्या कलाची (ट्रेंडची) व्याख्या आजही सर्वांत निरोगी आहे: प्रत्येक नवा माथा आधीच्या माथ्यापेक्षा वर आणि प्रत्येक नवा तळ आधीच्या तळापेक्षा वर असेल तर तेजी, दोन्ही खाली येत असतील तर मंदी, दोन्हींपैकी काहीच नसेल तर बाजार आडवा आहे. सरासरी ओलांडली की नाही हे पाहणे त्यामानाने वरातीमागून घोडे असते, कारण सरासरी ही मुळातच झालेल्या भावांची बनलेली असते. तिचा उपयोग पटकन चाळणी लावण्यापुरता.

नंतर क्षेत्राचा निर्देशांक पाहावा आणि शेवटी शेअरची निफ्टीशी तुलना करावी. तुलनेसाठी शेअरच्या भावाला निफ्टीने भागून येणारी रेघ काढली की पुरते. निफ्टी पडत असताना ती रेघ चढत असेल, तर त्या शेअरला कोणीतरी मनापासून घेत आहे. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी बाजारावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मागील ३ ते १२ महिन्यांत पुढे असलेले शेअर नंतरच्या तितक्याच काळात सरासरीने पुढे राहिल्याचे दिसले होते. मात्र एखाद्या आठवड्याच्या किंवा महिन्याच्या उसळीला हे लागू पडत नाही. इतक्या कमी मुदतीत शेअर उलटे फिरण्याकडेच अधिक झुकतात, असेही त्याच काळातील संशोधनात आढळले. म्हणून पद्धत अशी ठेवावी की दिशा सहा महिन्यांच्या चालीवरून घ्यायची आणि वेळ मागील काही आठवड्यांच्या विश्रांतीवरून ठरवायची. आठवड्यात १५ टक्के वाढलेल्या शेअरच्या मागे आठव्या दिवशी धावणे, हे या दोन्हींच्या विरुद्ध आहे.

पातळ्या ओढताना हात आखडता घ्या

सपोर्ट (जिथे पडता भाव सावरतो) आणि रेझिस्टन्स (जिथे चढता भाव अडतो) या रेघा नसून पट्टे असतात. तीन माथी ४४६, ४४८ आणि ४४७ वर झाली असतील, तर रेझिस्टन्स ४४६ ते ४४८ आहे, ४४७.३५ असे कोणी सांगत असेल तर तो कॅल्क्युलेटर वापरतो आहे, चार्ट नव्हे. पट्ट्यामागचे कारण समजले की तो कुठे ओढायचा हे आपोआप कळते. ४४७ ला घेऊन अडकलेले लोक भाव परत तिथे आला की ‘सुटलो एकदाचे’ म्हणून विकतात आणि त्या विक्रीमुळे भाव थबकतो. ही विक्री संपेपर्यंत अडथळा राहतो, संपली की तो पार होतो. त्यामुळे एकाच पातळीला वारंवार धडक बसणे म्हणजे ती मजबूत होणे, ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रत्येक धडकेत तिथला विकणारा थोडा कमी होत असतो.

एका चार्टवर चारपेक्षा जास्त पातळ्या ओढू नयेत. दहा रेघा असल्या की भाव कुठूनही फिरला तरी तो कुठल्या ना कुठल्या रेघेजवळच फिरतो, आणि आपले विश्लेषण बरोबर आल्याचा खोटा आनंद होतो.

व्हॉल्यूम

लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव चढल्याचे कोणी सांगितले, तर शेतकरी आधी विचारतो की आवक किती होती. मोजक्या गाड्यांवर निघालेला चढा भाव आणि यार्ड भरलेले असताना टिकलेला भाव यांतला फरक त्याला शिकवावा लागत नाही. शेअरच्या व्हॉल्यूमकडे त्याच नजरेने पाहावे. रेझिस्टन्स ओलांडताना त्या दिवशीचा व्हॉल्यूम मागील २० दिवसांच्या सरासरीच्या निदान दीडपट असावा, आणि त्याआधी भाव आडवा असताना व्हॉल्यूम आटत गेलेला असावा. दीडपट हा काही निसर्गनियम नाही, पण एक आकडा ठरवून त्यावर टिकून राहिले की नंतर तपासणी करता येते.

एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) रोज बाजार बंद झाल्यावर प्रत्येक शेअरमधील डिलिव्हरीची टक्केवारी प्रसिद्ध करते, आणि ती बहुतेक जण पाहत नाहीत. व्हॉल्यूम दुप्पट झाला पण डिलिव्हरीचे प्रमाण नेहमीच्या निम्म्यावर आले, तर ती गर्दी बहुतांशी दिवसाच्या सौद्यांची होती, संध्याकाळी शेअर घरी नेणाऱ्यांची नव्हती. उलट दोन्ही एकत्र वाढले तर खरेदीत दम आहे. ऑप्शन्सच्या मुदतपूर्तीच्या दिवशी आणि निर्देशांकात फेरबदल होतात त्या दिवशी व्हॉल्यूमचे आकडे फुगलेले असतात. ते दिवस मोजणीतून बाजूला ठेवावेत.

इंडिकेटर: दोन पुरेत

आरएसआय, स्टोकॅस्टिक आणि एमएसीडी हे तिन्ही बंद भावांवरूनच, किंवा त्याच काळातील उच्च-नीच भावांवरून काढलेले असतात. तिन्ही एकाच वेळी ‘खरेदी’ म्हणाले म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे मिळाले असे होत नाही. एकच माहिती तीन पोशाखांत समोर येते. आपल्याला लागणारे दोन म्हणजे आरएसआय आणि एटीआर. दोन्ही वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये मांडले. ते मूळचे यांत्रिकी अभियंते होते, आणि त्यांच्या सूत्रांत ती शिस्त दिसते.

आरएसआय काढताना १४ दिवसांतील वाढीची सरासरी आणि घटीची सरासरी यांचे गुणोत्तर घेतात. सरासरी वाढ ६ रुपये आणि सरासरी घट ३ रुपये असेल तर गुणोत्तर २ येते. १०० ला त्यात एक मिळवून, म्हणजे ३ ने, भागायचे आणि आलेले ३३.३ पुन्हा १०० मधून वजा करायचे. आरएसआय ६६.७. एवढे एकदा हाताने करून पाहिले की ‘७० च्या वर गेला, आता विका’ हा सल्ला किती पोकळ आहे ते लक्षात येते. ७० चा अर्थ इतकाच की १४ दिवसांत वाढ घटीच्या सव्वादोन-अडीचपट होती. जोमदार तेजीत हे आठवडेच्या आठवडे चालू राहते. या पद्धतीत आरएसआयचा उपयोग उलट बाजूने करावा: विश्रांतीच्या काळात तो ४० च्या खाली गेला नसेल तर तेजी शाबूत आहे असे धरावे.

एटीआर भावाची दिशा सांगत नाही, तो फक्त शेअर दिवसाला सरासरी किती हलतो ते सांगतो. अल्पमुदतीच्या कामात मला सर्वांत मोलाचा आकडा हाच वाटतो, कारण स्टॉप-लॉस, शेअरची संख्या आणि मुदत या तिन्ही गोष्टी त्यावरून निघतात. कॅन्डलच्या आकृत्यांची नावे पाठ करण्यात लोक जेवढा वेळ घालवतात, त्याच्या दहावा भाग जरी इथे घातला तरी बरेच नुकसान टळेल. हॅमर असो की एन्गल्फिंग, सपोर्टच्या पट्ट्यात आणि वाढत्या व्हॉल्यूमसह दिसली तरच आकृतीची दखल घ्यावी, मोकळ्या मैदानात दिसली तर सोडून द्यावी.

एक अंदाज, आकड्यांसकट

समजा, वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीचा शेअर सहा महिन्यांत निफ्टीपेक्षा पुढे आहे आणि सात आठवडे ४१२ ते ४४८ च्या दरम्यान रेंगाळला आहे. तळ ४१२, ४१५, ४२१ असे किंचित चढत आलेले आहेत. व्हॉल्यूम आटत गेला आणि आज भाव ४५३ ला बंद झाला. २० दिवसांची सरासरी ३.१ लाख शेअर असताना आजचा व्हॉल्यूम ७.४ लाख. एटीआर ९ रुपये. ब्रेकआउटच्या, म्हणजे पट्टा ओलांडण्याच्या, आधीचा शेवटचा छोटा तळ ४३८ ला होता.

उद्या ४५४ च्या आसपास खरेदी धरू. दोन एटीआर म्हणजे १८ रुपये खाली गेल्यास ४३६ येतो, आणि ४३८ चा तळही त्याच्या वर राहतो. म्हणजे रोजच्या हेलकाव्यात उगाच बाहेर फेकले जाणार नाही आणि तळ मोडला तर आपला मुद्दाच संपलेला असेल. स्टॉप-लॉस ४३६. टार्गेट पट्ट्याच्या उंचीवरून: ४४८ वजा ४१२ म्हणजे ३६, तेवढे ४४८ वर ठेवले की ४८४. मिळकत ३० रुपये, जोखीम १८ रुपये.

या ठिकाणी बहुतेक जण थांबतात, आणि इथेच घोडे पेंड खाते. मुदतीचा हिशेब राहून जातो. भावाची चाल वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पसरते, असा ढोबळ नियम आहे. दिवसाला ९ रुपये हलणारा शेअर पाच दिवसांत ४५ रुपये नव्हे तर साधारण २० रुपये सरकतो, कारण काही दिवस वर तर काही खाली असतात. ३० रुपये सरकायला लागणारा काळ काढायचा तर ३० ला ९ ने भागून आलेल्या ३.३ चा वर्ग करावा, म्हणजे सुमारे ११ सत्रे. म्हणून मुदत १२ सत्रांची लिहायची. चार दिवसांत ४८४ ची अपेक्षा करणे हावरेपणा ठरेल, आणि महिनाभर वाट पाहत राहिल्यास मूळ अंदाजाचा संबंधच उरत नाही. बाराव्या सत्राला भाव ४५० असो की ४६०, बाहेर पडायचे आणि नोंद बंद करायची.

आता शेअर किती घ्यायचे. या कामासाठी ठेवलेली रक्कम ३ लाख असेल आणि एका सौद्यात तिच्या १ टक्क्याहून जास्त गमवायचे नसेल, तर ३,००० भागिले १८, म्हणजे १६६ शेअर. गुंतवणूक ७५,३६४ रुपये. ‘एक लाखाचे घेऊन टाकू’ असे गोल आकड्यात ठरवण्याची सवय मोडायला हे सूत्र उपयोगी पडते. जास्त हलणारा शेअर असेल तर संख्या आपोआप कमी येते.

खर्चही धरा. डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्हीवर ०.१ टक्का एसटीटी (रोखे व्यवहार कर) लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क लागते, शिवाय एक्सचेंजचे शुल्क आणि विक्रीच्या वेळचे डीपी (डिमॅट खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे) शुल्क. ब्रोकरेज शून्य असले तरी या सौद्यात शेअरमागे सव्वा रुपया जातो असे समजू. खर्च न धरता ३० मिळकत आणि १८ जोखीम असताना शंभरातले साडेसदतीस सौदे जिंकले तरी बरोबरी होते. खर्च धरल्यावर मिळकत २८.७५ आणि जोखीम १९.२५ होते, आणि बरोबरीसाठी ४० टक्के सौदे जिंकावे लागतात. म्हणून ५० टक्के शक्यतेचा प्रामाणिक अंदाजसुद्धा घेण्याजोगा असतो. वहीतली नोंद अशी दिसेल:

‘४४८ च्या वर व्हॉल्यूमसह बंद. ४५६ पर्यंत मिळाला तरच खरेदी. चूक: ४३६. पूर्ण: ४८४. मुदत: १२ सत्रे. शक्यता: ५० टक्के. संख्या: १६६.’

४५६ ची अट मुद्दाम आहे. सकाळी शेअर एकदम ४६५ ला उघडला, तर जोखीम २९ आणि मिळकत १९ होते. अंदाज तोच, चार्ट तोच, पण सौदा वाईट झालेला असतो, तेव्हा तो सोडून द्यायचा. ऑर्डर लिमिटची, म्हणजे ठरलेल्या भावापर्यंतच खरेदी करणारी, लावायची. खरेदी झाल्यावर स्टॉप-लॉस आणि टार्गेट या दोन्हींसाठी बहुतेक ब्रोकरांकडे मिळणारी जीटीटी ऑर्डर (भाव ठरलेल्या पातळीला आला की आपोआप जाणारी) लावून ठेवली की दिवसभर फोन पाहावा लागत नाही.

ऑर्डरपूर्वी दिनदर्शिका पाहा

मुदतीच्या १२ सत्रांत कंपनीचा तिमाही निकाल येत असेल तर सौदा घेऊ नये, किंवा निकालाच्या आदल्या दिवशी बाहेर पडावे. संचालक मंडळाच्या बैठकीची तारीख एक्सचेंजच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर असते. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, १ फेब्रुवारीचा अर्थसंकल्प, निवडणुकांचे निकाल याही तारखा लिहून ठेवाव्यात.

३ जून २०२४ चा निफ्टीचा चार्ट या दृष्टीने काढून पाहण्यासारखा आहे. एक्झिट पोलनंतरच्या त्या सोमवारी निर्देशांक ३ टक्क्यांहून अधिक वाढून २३,२६३.९० या तेव्हाच्या विक्रमी पातळीवर बंद झाला. तांत्रिक भाषेत त्याहून देखणा ब्रेकआउट मिळणे कठीण. दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि निफ्टी जवळपास ६ टक्के कोसळून २१,८८४.५० वर आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ३ टक्क्यांहून अधिक सावरला. चार्टमध्ये मतपेटी दिसत नाही. अशा दिवशी भाव स्टॉप-लॉसच्या बराच खाली उघडू शकतो, आणि मग १ टक्का ठरवलेली जोखीम प्रत्यक्षात ३ टक्के होते. त्यामुळे एकाच वेळी चारपेक्षा जास्त सौदे उघडे नसावेत, आणि ते चारही वाहन क्षेत्रातले तर अजिबात नसावेत.

पैसे लावण्याआधी जुन्या चार्टवर तपासा

मागील भावांवर पद्धत पडताळून पाहताना चार्टचा उजवा भाग कागदाने झाकावा किंवा सॉफ्टवेअरमधील रिप्ले वापरावा, अंदाज लिहावा आणि मगच पुढची कॅन्डल उघडावी. उजवी बाजू दिसत असताना प्रत्येक ब्रेकआउट आधीच ओळखता आल्यासारखा वाटतो. आजच्या निफ्टीतील कंपन्या घेऊन दहा वर्षांपूर्वीची चाचणी करणे हीदेखील फसवणूकच आहे, कारण आज यादीत असलेल्या कंपन्या म्हणजे टिकलेल्या कंपन्या. मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर पडलेली येस बँक अशा चाचणीत दिसणारच नाही, आणि नेमके तिच्यासारखे शेअरच खरा तोटा देऊन गेलेले असतात.

त्यानंतर निदान तीस नोंदी निव्वळ कागदावर आणि पुढच्या नोंदी अगदी छोट्या रकमेने कराव्यात. तीस नोंदींवरून मात्र फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. नाणे तीस वेळा उडवले तरी छाप कधी १२ वेळा येते, कधी १८ वेळा. वरच्या उदाहरणात बरोबरीचा आकडा तीसपैकी १२ आहे. म्हणजे ज्याच्याकडे खरोखर ५० टक्क्यांचे कौशल्य आहे तोही तीस सौद्यांनंतर जेमतेम बरोबरीत असू शकतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो नफ्यात. शंभराच्या आसपास नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते. महिन्याला चार-पाच सौदे या हिशेबाने त्याला दोन वर्षे लागतात, याला इलाज नाही. त्या शंभरांत सलग सहा तोटे एकदा तरी येण्याची शक्यता, निम्मे सौदे जिंकणाऱ्यालासुद्धा, ५० टक्क्यांहून जास्त असते. तसे झाले म्हणून पद्धत बदलली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

तपासणीत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जिथे ५० टक्के लिहिले तिथे खरेच निम्मे अंदाज पुरे झाले का; ४५ आणि ५५ लिहिलेल्यांत काही फरक पडला का. दुसरी, तेवढीच रक्कम त्या काळात निफ्टीच्या इंडेक्स फंडात पडून राहिली असती तर काय झाले असते. दुसऱ्या तुलनेत सातत्याने मागे पडणाऱ्याने आपल्या संध्याकाळी मोकळ्या करून घ्याव्यात.

टिप, क्लास आणि कर

टेलिग्रामवरचे टार्गेट या वहीत बसवून पाहावे. त्यात अंदाज चुकल्याचे ठरवणारा भाव आणि मुदत जवळजवळ कधीच नसते. शेअर सुचवून पैसे घेणाऱ्याकडे सेबीची नोंदणी हवी: संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. केवळ शिक्षण देतो म्हणणाऱ्यांनी ताजे भाव वापरून शेअरची चर्चा करू नये, मागील तीन महिन्यांचे भाव टाळावेत, असे सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. क्लासमध्ये चालू बाजारात ‘आता घ्या’ म्हटले जात असेल, तर ते शिक्षण उरत नाही.

बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर, २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीसाठी, २० टक्के दराने कर लागतो. वरच्या बरोबरीच्या हिशेबात तो धरलेला नाही, कारण तो वर्षाच्या एकूण निव्वळ नफ्यावर बसतो. चुकून त्याच दिवशी विकलेला शेअर मात्र इंट्राडे ठरतो आणि त्याचा नफा-तोटा सट्टा व्यवसायाच्या सदरात जातो, ज्यासाठी पगारदार माणसालाही आयटीआर-३ भरावा लागतो. डिलिव्हरीतला अल्पमुदतीचा तोटा पुढील आठ वर्षे आणि सट्ट्याचा तोटा चार वर्षे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. त्यामुळे तोट्याच्या वर्षीही ब्रोकरकडून नफा-तोटा पत्रक एप्रिल-मेमध्येच उतरवून आपल्या सीएकडे देऊन ठेवावे.